मदत हवी आहे : जुने संसद भवन आणि मितावलीचे मंदिर यांच्या संबंधाचा समकालीन पुरावा

दिल्लीतील जुन्या संसद भवनाची, म्हणजे आताच्या संविधान सदनाची, गोलाकार रचना मुरैना जिल्ह्यातील मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून घेतली, असे सर्रास सांगितले जाते. नववीच्या विद्यार्थ्यांसाठी मी या वास्तूवर माहितीफलक तयार करीत असून, पुराव्याशिवाय हे विधान त्यावर लिहिणे मला पटत नाही.

आतापर्यंतच्या वाचनातून एवढे हाती लागले आहे : नवी दिल्लीचे ब्रिटिश वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांचा मूळ आराखडा त्रिकोणी होता आणि वर्तुळाकाराचा आग्रह त्यांचे सहकारी वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी धरला, पायाभरणी १२ फेब्रुवारी १९२१ रोजी आणि उद्घाटन १८ जानेवारी १९२७ रोजी झाले. छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा साम्याइतकाच फरकही जाणवला. संसद भवनाचे १४४ खांब बाहेरच्या बाजूने उघडे दिसतात, तर मितावलीला बाहेरून भिंतच दिसते आणि खांबांची ओवरी आतल्या अंगणाकडे तोंड करून आहे. दुसरीकडे, मंदिराच्या मध्यभागी गाभारा आहे, तसे संसद भवनात मध्यवर्ती सभागृह आहे. हे साम्य मात्र सहज बाजूला सारता येत नाही.

वृत्तपत्रीय लेख आणि पर्यटन पुस्तिका पाहून झाल्या आहेत. त्यांत मूळ आधार दिलेला नाही. दिल्लीला जाणे सध्या शक्य नाही, इंग्रजी किंवा हिंदी साहित्य चालेल. लट्यन्स वा बेकर यांच्या पत्रांत, टिपणांत किंवा १९२७ पूर्वीच्या सरकारी कागदपत्रांत मितावलीचा स्पष्ट उल्लेख कोणी स्वतः वाचला आहे का, आणि असल्यास तो नेमका कोठे पाहता येईल?