जोकरचा भूतकाळ आणि गॉथममधले पाणी

बॅटमॅनच्या चित्रपटांवरच्या या चर्चेत दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचा बॅटमॅन तेवढा वास्तव आणि टिम बर्टनचा म्हणजे पोरखेळ, अशी जी विभागणी काहींनी केली आहे, ती मला पटत नाही. बर्टनने १९८९ साली जोकर या खलनायकालाच ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईवडिलांचा खुनी ठरवून कथेची गाठ घट्ट बांधली, तर नोलनने २००८ मध्ये नेमके उलटे केले: त्याचा जोकर चेहऱ्यावरच्या व्रणांची हकिकत दोनदा सांगतो, दोन्ही वेळा वेगळी, आणि भूतकाळाचा पत्ताच न लागल्यामुळे तो अधिक भयंकर वाटतो. जोएल शूमाकरच्या दोन बॅटमॅनपटांविषयी न बोललेलेच बरे.

मॅट रीव्ह्जच्या २०२२ च्या चित्रपटाचा मात्र कुणी उल्लेखही करू नये, याचे आश्चर्य वाटते. त्यात रिडलर हा खलनायक गॉथम या बॅटमॅनच्या शहराची समुद्रभिंत स्फोटांनी उडवतो, रस्त्यांवर पाणी शिरते, आणि सुरुवातीला स्वतःला ‘सूड’ म्हणवून घेणारा बॅटमॅन हातात लाल ज्योत धरून, पाण्यातून वाट काढत, अडकलेल्या लोकांना बाहेर नेतो. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला, त्या आम्हा कोकणवासीयांना हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. मारामारी सोडून मदतकार्याला लागलेला हा नायक मला नोलनच्या तिन्ही भागांपेक्षा धाडसी वाटतो.