लोकल म्हणजे नुसतं फॅड? शेवळं बघा

एकांनी लिहिलंय की लोकल खाणं म्हणजे नुसतं फॅड, सुपरमार्केटात सगळं बारा महिने मिळतंच की. मिळतं, पण सगळं नाही मिळत ना! शेवळं ही रानभाजी घ्या. ठाणे, बदलापूर, वसईकडे पहिल्या पावसाच्या आसपास आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात, काही आठवडेच, मग संपलं ते पुढच्या वर्षीच. शेवळांची शेती कोणी करत नाही, रानात आपोआप उगवतात आणि पटकन खराब होतात, त्यामुळे कोल्ड स्टोरेजवाल्यांना त्यात रस नाही.

आणि मुख्य म्हणजे ती घशाला खाजतात. म्हणून जुडीसोबत काकडं नावाची हिरवी आंबट रानफळं देतात, ती ठेचून रस घालायचा म्हणजे खाज जाते, शिवाय वरचं आवरण सोलून आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, हे सगळं ती बाई तिथंच एक शेवळ मोडून दाखवते, नवीन गिऱ्हाईक असेल तर काकडं दोन जास्तच टाकते. मग कोलंबी घाला नाहीतर खिमा, सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत विचारा काय चव लागते ते!

मला लोकलची किंमत वाटते ती यासाठी. भाजी आणि ती कशी खायची हे ज्ञान एकाच माणसाकडनं मिळतं, पाकिटावर ते कुठं छापणार. आणि प्लीज, त्या बायकांशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, पहाटे उठून रान तुडवून आणलेलं असतं हो ते.