महाबळेश्वर ते कास जुना राजमार्ग, सायकलने कोणी केलाय का?

मातीवाट:
नमस्कार मंडळी. मी पुण्याचा, गेल्या वर्षी हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल) घेतली आणि तेव्हापासून डांबरावर मन रमत नाही. मुळशीकडचे कच्चे रस्ते झाले, वेल्ह्यावरून केळद मढे घाट झाला. आता डिसेंबरात मित्राबरोबर दोन दिवस काढलेत आणि डोक्यात एकच आहे, महाबळेश्वरवरून माचुतर, गाळदेव करत डोंगराच्या धारेने थेट कास. हाच जुना राजमार्ग ना? मॅपवर ३५-४० किलोमीटर भरतंय. रात्री कास किंवा बामणोलीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी लाँचने तापोळा आणि तिथून चढून परत महाबळेश्वर.

अडचण अशी की सॅटेलाइटवर लाल मातीची रेघ छान दिसते, मग झाडी येते आणि रेघ गायब, पुढे दोन किलोमीटरवर परत दिसते. मधलं काय? मढे घाटाच्या वेळी फोनवरच्या रेघेवर विश्वास ठेवून आम्ही एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सायकली उचलत गेलो, शेवटी गवत कापणाऱ्या एका आजींनी हटकलं, "बाबांनो ही गुरांची वाट, म्होरं कडा हाय." त्या भेटल्या नसत्या तर काय, हा विचार अजून जात नाही. म्हणून यावेळी आधी विचारतोय. रस्ता चालवण्यासारखा आहे का, पाणी कुठे मिळतं आणि जनावरांचं काय?

जावळीची पोर:
दादा, आमचं गाव तिकडचंच, कोयनेच्या खोऱ्यात. धरण झालं तेव्हा खालची भातखाचरं शिवसागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयात गेली, काही भावकी ठाणे-रायगडकडे वसवली, आमचे लोक वर सरकून राहिले. वडील माथाडीत, म्हणून आम्ही नवी मुंबईत, पण दिवाळी आणि जत्रेला गाव सुटत नाही. तुम्ही ज्याला राजमार्ग म्हणताय त्याच धारेने आमची आज्जी डोक्यावर गाठोडं घेऊन साताऱ्याच्या बाजाराला जायची, एक मुक्काम वाटेत करून. त्यामुळे कोणी त्या रस्त्याबद्दल मनापासून विचारलं की बरं वाटतं.

धार समजून घ्या म्हणजे चुकणार नाही. कासकडे तोंड केलं की डाव्या हाताला वेण्णेचं खोरं, केळघर-मेढा तिकडे. उजव्या हाताला सोळशीचं खोरं, ते तापोळ्याला कोयनेला मिळतं. वाट सुटली असं वाटलं तर उजवीकडे खाली उतरायचा मोह अजिबात करू नका, तिकडे दाट रान आणि वस्ती लांब लांब. डावीकडची गावं मेढ्याला जोडलेली आहेत, पण तिकडेही उतरायचं ते विचारून आणि मळलेल्या वाटेनेच.

पाण्याचं म्हणाल तर वर सगळा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, पावसाळ्यात नुसतं पाणी आणि दिवाळीनंतर ठणठणाट. झरे असतात ते सड्याच्या कडेला झाडीत, आणि तेच जनावरांचे पाणवठे, तेव्हा संध्याकाळी तिकडे फिरकू नका. माणशी चार लिटर घेऊनच निघा.

आता जनावरं. गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे. मोटारसायकलचा आवाज लांबून येतो, जनावर आधीच बाजूला होतं. तुमची सायकल येते गप्प आणि उतारावर वेगात, म्हणजे वळणावर ते आणि तुम्ही एकदम समोरासमोर. अस्वल असंच दचकून अंगावर येतं. म्हणून झाडीतल्या वळणाआधी बोलत या, घंटी वाजवा, गाणं म्हणा. पण गवा समोर दिसला की एकदम गप्प, उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची आणि हळूहळू मागे सरकायचं. वासरू बरोबर असेल तर अर्धा तास थांबा, काही बिघडत नाही. ऊन कलायच्या आत झाडीतून बाहेर पडा, डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो.

आणि वाटेत जे पहिलं घर लागेल तिथे थांबून सांगा, कुठून आलो, कुठे चाललो. मोबाईलला रेंज नसते तिथे हाच निरोप पुढे जातो.

चाक२९:
वरचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवा. मी फक्त सायकलचं सांगतो. मी हा रस्ता कासच्या बाजूने निम्म्यापर्यंत केलाय, अर्धा भाग मस्त चालतो, काही ठिकाणी जांभ्याचे दगड असे वर आलेत की ढकलतच न्यावी लागते, ताशी पाच-सहाच्या वर हिशेब धरू नका. जांभा टायरची बाजू चिरतो, नुसतं पंक्चर नाही. ट्यूबलेस असेल तर २.२५ इंचाचा टायर, सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला हवेचा दाब पुढे २४, मागे २७ पीएसआय, सीलंट (छिद्र आतून बुजवणारं द्रव) निघायच्या आधी ताजं भरा. तरी एक ट्यूब आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा ठेवाच, चिरलं तर आतून तोच लावून घरी येता येतं. डिरेलरचा हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) जादा घ्या, तो मोडला की तिथे काही मिळत नाही.

डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यात तर घुसतातच पण मागच्या गिअरच्या छोट्या चाकांमध्ये गवत गुंडाळून साखळी अडकते. दर तासाला उतरून काढत जा, मी काढलं नाही आणि हँगर वाकवून बसलो.

तापोळ्याचा चढ तसा डांबरी. शिवसागर पूर्ण भरतो तेव्हा पाणी ६५९ मीटरवर असतं, महाबळेश्वर १३५० च्या वर, म्हणजे २५-२८ किलोमीटरमध्ये जवळजवळ सातशे मीटर. आदल्या दिवशीच्या पायांनी हा चढ जड जातो, सकाळी लवकरची लाँच धरा. आमच्या सायकली लाँचवाल्याने आडव्या टाकून आणल्या होत्या पण आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवलं होतं.

रानवारा:
माझं थोडं वेगळं मत आहे. पहिल्यांदा जाताय तर महाबळेश्वरकडून सुरू करू नका. गाळदेवकडचा जो भाग नकाशावर दिसत नाही तोच तुम्हाला सकाळी सकाळी लागणार, आणि तिथे दोन तास गेले की कासच्या जवळची झाडी नेमकी संध्याकाळी. त्यापेक्षा साताऱ्याहून कासला या, मुक्काम करा, सूर्य उगवल्यावर निघून अकरा वाजेपर्यंत जेवढं होईल तेवढं जा आणि त्याच चाकोरीने परत. रस्ता एकदा डोळ्याखालून गेला की पूर्ण पल्ला पुढच्या वेळी. येताना ओळखीचा रस्ता असतो हे किती मोठं आहे ते थकल्यावर कळतं.

दुसरं, निघायच्या आधी मेढा आणि महाबळेश्वरच्या वनक्षेत्रपाल ऑफिसला फोन करून कुठपर्यंत सायकल चालते ते विचारा, तारीख सांगा. ही धार वेगळी आणि कोयना अभयारण्य वेगळं. २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, वासोटा किल्ल्याकडच्या रानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, तेव्हा बामणोलीत कोणी 'चला पलीकडे सायकल घालू' म्हणालं तरी नको.

आणि एक कळकळीची विनंती. कासच्या पठारावर रस्ता सोडून चाक घालू नका. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात आलं म्हणून नाही, तर तिथे कातळावर माती जेमतेम बोटभर आहे आणि डिसेंबरात वर काही दिसत नसलं तरी पुढच्या पावसाच्या बिया आणि कंद त्याच मातीत पडलेत. एक चाकोरी पडली की पावसात तिथून माती वाहून जाते, परत यायला वर्षं लागतात.

मातीवाट:
खूप आभार सगळ्यांचे. सायकल गप्प येते म्हणून धोका जास्त, हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं, उलट मी शांत जातो याचाच आनंद व्हायचा. रानवारा म्हणतात तसं करतो, पहिला दिवस सातारा ते कास, दुसऱ्या दिवशी सकाळी धारेवर जमेल तेवढं आणि परत. बामणोली तापोळा पुढच्या खेपेला. सोमवारी वनखात्याला फोन लावतो, काय सांगतात ते इथे टाकतो.
@जावळीची पोर, वाटेतल्या घरांत रिकाम्या हाताने जाणं बरं वाटत नाही, काय न्यावं?

जावळीची पोर:
चहा पावडर आणि साखर न्या दादा. आणि भाकरी खाऊन जा म्हणाले तर घाई आहे म्हणू नका, बसा.