कॉस्टिक लाय बार्जने आणायची तर रिस्क असेसमेंट कुठून सुरू करायचं?

कुरकुंभ_सेफ्टी:
पुण्यातनं विचारतोय. आमच्या प्लांटला ५० टक्के कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण, कातडी आणि डोळे जाळतं) लागते, गुजरातहून टँकरने येते. आता वरून आलंय की बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटीने) पेणजवळच्या धरमतर खाडीत उतरवायची आणि पुढे टँकर लावायचे. मी आजवर फक्त रोडचं केलंय. बार्ज म्हटलं की २०२१ च्या तौक्ते वादळात बुडालेला पी-३०५ बार्ज आठवतो, त्यापुढे रिस्कचं शीट सरकतच नाहीये.

जेटीवाला:
पी-३०५ ला स्वतःचं इंजिन नव्हतं, नांगर तुटल्यावर वाहत गेला. तुमचा इंजिनवाला आहे की टगने (ओढणाऱ्या बोटीने) ओढायचा ते आधी विचारा. पण खरी सुरुवात माल उतरवायच्या नळीपासून करा. मी सात वर्षं लिक्विड उतरवलंय, जे काही झालं ते बार्ज बांधलेला असतानाच झालं. माल उपसला की बार्ज हलका होऊन वर येतो, ओहोटी त्याला खाली नेते, उधाणाला हा फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि दोरांवर लक्ष ठेवायला कोणी नसेल तर सगळा ताण फ्लँजवर, म्हणजे नळीच्या जोडावर. एकदा पहाटे अडीचला जोडातल्या गॅस्केटमधून बारीक फवारा खलाशाच्या डोळ्यात गेला. सेफ्टी शॉवर होता पण त्याचा वरचा व्हॉल्व्ह बंद! पंधरा मिनिटं मगाने पाणी ओतत बसलो, डोळा वाचला. तेव्हापासून शॉवर स्वतः चालू करून बघितल्याशिवाय नळी जोडू देत नाही.

पेणचा_कोथरूडकर:
लाय पाण्याच्या दीडपट जड, तळाशी जाते आणि विरघळते, त्यामुळे तेल अडवायचे तरंगते बूम तिथे काही कामाचे नाहीत. आमच्या घरचे अजून खाडीत जाळी टाकतात, जिताड्यावर घर चालतं. सांडलं तर भरतीला कुठवर जाईल, ओहोटीला कुठे, आणि जाळीवाल्यांना फोन कोण करणार, हे नावानिशी लिहा दादा.

बोरघाट_रोज:
हजार टनांचा बार्ज म्हणजे वीस टनांचे ५० टँकर, आणि धरमतरहून ते पन्नासही घाट चढणारच. म्हणजे वाचतो तो फक्त गुजरात ते पेण हा टप्पा, वर ५० वेळा टँकर भरायचं काम वाढतं. तुलना ट्रिपवर नको, टनावर करा. आणि पावसाळ्यात बार्ज थांबला तर साठा कुठे ठेवणार?

कुरकुंभ_सेफ्टी:
घाट दोन्हीकडे सारखाच धरायला हवा हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शनिवारी ओहोटीच्या वेळेला जेटी बघायला जातोय. पेणचे दादा, जाळी कुठे लागतात ते दाखवायला कोणी भेटेल का?

पेणचा_कोथरूडकर:
काका येतील, मेसेज करतो.