पुस्तकातून ब्रह्मगिरी कोरला, तर तो पुस्तकाचा अपमान होतो का?

खडूफळा (धागाकर्ता)

मंडळी, माझं मत आधीच सांगतो. जे पुस्तक आता कुणीही उघडणार नाही, त्यातून शिल्प करण्यात मला काहीच गैर वाटत नाही. मुलांकडून तर ते जरूर करून घ्यावं. आता काय घडलं ते वाचा आणि मोकळेपणाने बोला.

मी नाशिकमध्ये एका शाळेत चित्रकला शिकवतो. दिवाळीच्या सुमारास सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका वकिलांचं ऑफिस त्यांच्या घरच्यांनी रिकामं केलं. वकीलसाहेब हयात नाहीत, मुलं बाहेरगावी. दंड संहितेवरची भाष्यं, निकालांचे जुने संग्रह, आयकराची दरवर्षी नवी निघणारी जाडजूड पुस्तकं अशी ४३ पुस्तकं रद्दीत निघाली होती. १ जुलै २०२४ ला १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. स्कूटरवर तीन खेपा करून मी ती आणली.

नववीची अकरा मुलं आणि मी, तीन महिने दर शनिवारी बसलो. पुस्तकं आडवी रचून कडेकडून ब्रह्मगिरीचा डोंगर कोरत गेलो. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना ब्रह्मगिरीच्या कातळावर त्या आडव्या पट्ट्या लांबूनच दिसतात. कापलेल्या पुस्तकाची कड तंतोतंत तशीच दिसते. जुना कागद बाहेरून तांबूस आणि आत फिकट असतो, त्यामुळे कडे उन्हाने भाजल्यासारखे झाले आणि दरी आपोआप ओलसर वाटायला लागली. रंगाचा थेंबही वापरला नाही. गोदावरी पानांच्या पांढऱ्या पट्ट्यांची केली. रामकुंडाजवळ नदीवर पुस्तकांचे पुठ्ठे पालथे घातले, तिथलं काँक्रीट म्हणून. शेवटी नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत पानं उभी चिरून लव्हाळं केलं.

गंगाद्वाराची, म्हणजे ब्रह्मगिरीवरच्या गोदावरीच्या उगमाची, जागा कोरताना एका मुलीचं कटर थांबलं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'ता. १४. साक्षीदार आला नाही.' तिने ती पट्टी कापली नाही, कड्याच्या टोकावर तशीच ठेवली.

मराठी भाषा गौरव दिनाच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या आठवड्यात शाळेचं कलाप्रदर्शन असतं. त्यात हे मांडलं. दोन पालकांनी तक्रार केली की कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, त्यांच्याच गावात, मुलांच्या हातून पुस्तकं कापून घेतली. संध्याकाळी 'वाद नको' म्हणून ब्रह्मगिरी स्टोअररूममध्ये गेला. तो आजही तिथेच आहे.

जगात हे काम करणारे मोठे कलाकार आहेत. कॅनडाचे गी लारामे जुन्या ज्ञानकोशांतून डोंगरदऱ्या कोरतात. २०१२ मध्ये ब्रिटानिकाने छापील ज्ञानकोश बंद केल्यावर त्यांनी त्याच्याच खंडांतून शिल्प केलं. अमेरिकेचे ब्रायन डेटमर पुस्तकाच्या कडा वॉर्निशने बंद करून आत कोरत जातात आणि आतला शब्द, चित्र जागचं हलवत नाहीत. कागद झाडापासून आला, त्यातून पुन्हा डोंगर आणि नदी करणं मला फार खरं वाटतं.

पानगळ

सर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मी त्या पालकांच्या बाजूने आहे.

आमच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर आजही हात जोडतात. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून शेजारी पुस्तकं ठेवतात. माझी आई सातवीपर्यंत शिकली. शेजारच्या घरून आणलेलं पुस्तक ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायची आणि कव्हर काढून परत करायची. ही सवय एका पिढीत लागत नाही. तुम्ही मुलाच्या हातात कटर देऊन सांगता की हे पुस्तक कापलं तरी चालेल. कोणतं चालेल आणि कोणतं नाही, हे चौदा वर्षांच्या मुलाने कसं ठरवायचं?

याच नाशिकमधून कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेच्या पेट्या गावोगावी आणि परदेशातही गेल्या. पुस्तकाने काय करावं याचं उत्तर या शहराने दिलेलं आहे. पुस्तकाने वाचणाऱ्याकडे जावं.

काटा आणि गोणी

पंचवटीत वडिलांपासून आमचं रद्दीचं दुकान आहे. माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं.

पर्यावरणाचं शिल्प म्हणता, तर हिशेब पर्यावरणाचाच करू. तुमची ४३ पुस्तकं साठेक किलो भरतील. ती माझ्याकडे आली असती तर पुठ्ठा वेगळा, आतला पांढरा कागद वेगळा, आणि गाडी भरली की माल वापीच्या मिलकडे. तिथे पाण्यात घुसळून लगदा होतो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. कागदाचा तंतू दर फेरीत आखूड होत जातो, तरी पाच-सात फेऱ्या निघतात. म्हणजे तुमच्या त्या पुस्तकांना अजून बऱ्याच वह्या व्हायचं होतं. तुम्ही ती फेव्हिकॉलने एकमेकांना चिकटवली की त्यांची वाट तिथेच बंद. मिलवाला असा माल परत पाठवतो, कारण गोंदाचे चिकट गोळे जाळीत अडकतात. त्या अमेरिकन साहेबांचं वॉर्निश तर त्याहून वाईट.

आणखी एक. लोकांना वाटतं रद्दीत गेलं म्हणजे पुस्तक मेलं. माझ्या दुकानात वजन करायच्या आधी मी प्रत्येक गठ्ठा उघडतो. कादंबऱ्या, शब्दकोश, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बाजूला काढतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात, निम्म्याहून कमी किमतीत घेऊन जातात. महिन्याला अशी दोन-तीन गोण्या पुस्तकं निघतात. ही निवड तुम्ही केली होती का?

खडूफळा

काटा आणि गोणी, तुमचा मुद्दा मला लागला. खरं सांगतो, पहिली आठ पुस्तकं आम्ही फेव्हिकॉलनेच चिकटवली. मग माझ्या ओळखीच्या एका बाइंडरकाकांनी पाहिलं आणि ते रागावले. त्यांनी मैद्याची खळ शिजवायला शिकवली. खळ पातळ आणि गार झाल्यावरच लावायची, नाहीतर पान फुगतं आणि सुरकुततं. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी, त्यामुळे मुलांच्या हातात द्यायचं नाही असं मी ठरवलं. त्यानंतर चिकटवलेली सगळी पुस्तकं नुसत्या खळीवर आहेत. पाण्यात भिजवली तर सुटतील, उद्या मिलला द्यायची झाली तरी जातील. वॉर्निश कुठेच नाही.

निवडीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याची म्हणून मी सरसकट घेतली.

जुनी केस

तिथेच चूक झाली, सर. मी सत्र न्यायालयात वकिली करतो. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले आजही दंड संहितेखालीच चालतात, आणि त्यांची अपिलं अजून कित्येक वर्षं चालतील. कलमांचे नंबर बदलले, पण पुष्कळ तरतुदींचे शब्द जवळपास तेच आहेत, म्हणून जुने निकाल आजही रोज वाचून दाखवावे लागतात. तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या नव्या वकिलाला ऑनलाइन निकालांची वर्गणी परवडत नाही. त्याने ती भाष्यं हात जोडून नेली असती. आयकराची जुनी वार्षिकं कोरलीत त्याला माझी हरकत नाही. भाष्यांना आहे.

फडताळ

एका सार्वजनिक ग्रंथालयात एकवीस वर्षं काम केलंय, म्हणून बोलते. या चर्चेत सगळेच असं धरून चालले आहेत की पुस्तक एकतर वाचलं जातं किंवा वाया जातं. ग्रंथालयात बसून पाहा.

दरवर्षी आम्ही काही पुस्तकं बाद करतो. त्याला निर्लेखन म्हणतात. पानं गळालेली, कसरीने जाळी केलेली, एकाच पुस्तकाच्या सहा प्रती असलेली, संगणकाची वीस वर्षांपूर्वीची. यादी होते, समितीची मंजुरी लागते, दाखल नोंदवहीत प्रत्येक क्रमांकापुढे शेरा पडतो. मग ती रद्दीत जातात. मी स्वतः हजारो पुस्तकांवर तो शिक्का मारलाय आणि दर वेळी हात जड झालाय. पण ते केलं नाही तर नव्या पुस्तकाला फळी मिळत नाही.

दुसऱ्या बाजूनेही तेवढंच ठामपणे सांगते: जुनं म्हणजे निरुपयोगी असं या शहरात तरी म्हणू नका. आपलं सार्वजनिक वाचनालय, सावाना, १८४० चं आहे. पिवळं पडलेलं, बांधणी सुटलेलं एखादं पुस्तक त्या आवृत्तीची शेवटची प्रत असू शकतं. बाद करण्यापूर्वी शीर्षकपान, छपाईचं साल आणि इतरत्र प्रती आहेत का, हे पाहावंच लागतं.

माझं म्हणणं एवढंच की सरांचा ब्रह्मगिरी चुकीचा नाही, ब्रह्मगिरीच्या आधीची यादी राहिली. निर्लेखित पुस्तकं मागायला ग्रंथालयात या. दरवर्षी इतकी निघतात की कळसूबाईसुद्धा होईल.

पेठरोड

इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर शाळेत वाचायला पुस्तकं नाहीत आणि आपण इथे कोरायला घेतो.

फडताळ

पेठरोड, तुमची कळकळ समजते. पण पाड्यावरच्या मुलाला आयकराचं २००९ चं पुस्तक पाठवायचं का? 'दान' म्हणून आलेल्या खोक्यांत जुनी गाईडं, फाटकी मासिकं आणि भेट मिळालेल्या डायऱ्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. त्या मुलांना नवी, रंगीत, त्यांच्या वयाची मराठी पुस्तकं हवीत. ती विकत घेऊन द्यावी लागतात.

टिटवी

माझी हरकत शिल्पाच्या विषयावर आहे. दर हिवाळ्यात मी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाते. जानेवारी २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पहाटे खाणगावच्या बाजूला उभं राहिलं की धुक्यातून आधी हजारो पंखांचा आवाज येतो, पक्षी नंतर दिसतात. कागदाच्या लव्हाळ्याने मुलाला यातलं काय कळेल? तीन महिन्यांतले चार शनिवार तिथे घालवले असते तर?

कागद म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, ही समजूतही सोडायला हवी. कागदी लगद्याच्या गणेशमूर्तींना उत्तेजन देणाऱ्या शासन निर्णयाला हरित लवादाने २०१६ मध्ये स्थगिती दिली, कारण तो लगदा आणि त्यातली शाई पाण्याला बाधते. उद्या कुणी हौसेने असलं शिल्प गोदेत विसर्जित केलं तर?

माझ्या मते पुस्तक आणि झाड यांचं नातं ऑस्लोजवळ एका स्कॉटिश कलावतीने खरं दाखवलं. २०१४ मध्ये तिने तिथे हजार रोपं लावली. दरवर्षी एक लेखक एक हस्तलिखित देतो, ते कुणी वाचायचं नाही. २११४ मध्ये त्याच झाडांच्या कागदावर ती सगळी छापायची. आपल्याकडे २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. मुलांना त्या झाडांखाली बसवून चित्रं काढायला लावा, सर.

नववीची आई

माझी मुलगी त्या अकरा जणांत होती. पेन्सिलीची पट्टी जपणारी तीच.

टिटवीताई, हे काम सुरू होईपर्यंत तिला गोदावरी म्हणजे रामकुंड एवढंच माहीत होतं. जानेवारीत एका रविवारी तिने हट्ट करून आम्हाला गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लावल्या, कारण तिचा कडा 'खोटा दिसत होता'. तिथे अर्धा तास ती कातळाचे थर मोजत बसली. मग नांदूरमध्यमेश्वरलाही गेलो. हात कामाला लागल्याशिवाय तिने हे विचारलं नसतं, हे मी आई म्हणून सांगते. आणि पानगळ, ती पुस्तकांशी निष्ठुर झाली नाही. घरातल्या शब्दकोशाचा सुटलेला फर्मा, म्हणजे शिवलेल्या पानांचा जुडगा, तिने स्वतः खळ करून बसवला.

ब्रह्मगिरी स्टोअरमध्ये गेला त्या रात्री ती जेवली नाही. तिने काय चूक केली, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खडूफळा

सगळं दोनदा वाचलं. जुनी केस, वकीलसाहेबांची भाष्यं मी कोरायला नको होती. नऊ भाष्यं अजून अखंड आहेत, डोंगराच्या पायाला न चिकटवता नुसती टेकू म्हणून ठेवलेली. ती तुमच्याकडे आणून देतो, तालुक्याच्या कोर्टात कुणाला हवी ते तुम्हीच ठरवा. फेव्हिकॉलची आठ मी बदलू शकत नाही. ब्रह्मगिरी मोडणार नाही आणि तो स्टोअरमधून बाहेर यावा म्हणून शाळेशी पुन्हा बोलणार आहे.

पुढच्या वर्षी मुलांना तपोवनातला वड करायचाय. फडताळताई, तुमच्याकडची निर्लेखित पुस्तकं मिळाली तर घेईन. काटा आणि गोणी, कोरण्याआधी गठ्ठे उघडून निवड करायला एक दिवस याल का? मुलांना ते तुमच्याकडूनच शिकू दे.

काटा आणि गोणी

येतो. सोमवारी दुकान बंद असतं. खळीचंच काम करा आणि झाल्यावर दोन वर्षांनी का होईना, ती माझ्याकडेच द्या.

पानगळ

मला अजूनही पुस्तकावर कटर चालवणं मान्य नाही आणि मी कापायला हात लावणार नाही. पण निवडायला मीही येईन. त्या भाष्यांच्या समासात अजून किती ठिकाणी पेन्सिलीने लिहिलंय, ते कुणी पाहिलंय का? कोर्टात देण्याआधी तेवढी पानं मला उतरवून घेऊ द्या. वकीलसाहेबांच्या मुलांना पाठवता येतील.