मदत हवी आहे: मुलाच्या टेक्सास लायसन्सवर 'एफ' (म्हणजे स्त्री) आहे, आता तो कॅलिफोर्नियाला चाललाय

मंडळी, ज्यांची मुलं ट्रान्स आहेत आणि अमेरिकेत राहतात, त्यांनी जरूर वाचा.

मुलगा 23 वर्षांचा, जन्म डॅलसचा, जन्मदाखल्यावर नोंद मुलगी अशी. जुलै 2024 मध्ये कोर्टानं नाव आणि लिंग दोन्ही बदलायचा हुकूम दिला. लायसन्सचं काम कॉलेजचं सेमिस्टर सुरू झाल्यावर निवांत करू, असं मीच म्हटलं. ते अजून मनाला लागून आहे, कारण ऑगस्टमध्येच टेक्सासनं कोर्टाचा हुकूम असला तरी लायसन्सवरचं लिंग बदलणं बंद केलं. जन्मदाखल्याचंही तेच. नाव तेवढं बदललं.

पुढे 1 सप्टेंबर 2025 पासून टेक्सासचा हाउस बिल 229 हा कायदा लागू झाला. त्यात व्याख्याच घातली आहे: प्रजननसंस्था बीजांडं तयार करण्यासाठी असेल ती स्त्री, ती फलित करण्यासाठी असेल तो पुरुष. सरकारी नोंदीत हे दोनच रकाने. पासपोर्टही 2025 मध्येच नवा केला, 20 जानेवारीच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर. त्या आदेशामुळे पासपोर्टवर जन्माच्या वेळचंच लिंग लागतं, म्हणून तिथंही एफ.

गेल्या महिन्यात भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच्या माणसानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. फोटोत दाढी, खाली एफ. "हे तुमचंच का?" मागे रांग उभी. पोरगा काही बोलला नाही, फक्त क्रेडिट कार्ड पुढे केलं. मी बाजूलाच होते.

आता त्याला सॅन होजेला नोकरी लागली आहे. तिथं लायसन्सवर एम (म्हणजे पुरुष) मिळेल का? जन्मदाखला आडवा येईल का? आणि दिवाळीला साताऱ्याला जायचंय, पण ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) अजून जुनंच नाव आहे. आजीनं 'अगं'चं 'अरे' करायला वर्ष घेतलं, पण केलं. आता रोज फोनवर विचारते, "कधी येतोस रे?"

प्रतिसाद:
ताई, आमच्या घरीही हेच झालंय. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2019 पासून लायसन्सच्या अर्जावर एम, एफ किंवा एक्स (दोन्हींपैकी नाही) आपणच निवडायचं. डॉक्टरचं पत्र नको, कोर्टाचा हुकूम नको. राहायला गेल्यावर 10 दिवसांत अर्ज करायचा असतो, तेव्हा आधीच अपॉइंटमेंट घ्या. नावासाठी हुकुमाच्या प्रमाणित प्रती जवळ ठेवा.

पासपोर्टचं मात्र सध्या अवघड आहे. 6 नोव्हेंबर 2025 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं, त्याविरुद्धचा खटला चालू असेपर्यंत, जन्माच्या वेळचंच लिंग लावायचं धोरण राबवायला सरकारला मुभा दिली. म्हणून तिकिटावर नाव आणि लिंग पासपोर्टप्रमाणेच टाका, लायसन्सप्रमाणे नको. ओसीआयवरचं नाव बदलायचा अर्ज आजच करा, तिकीट त्यानंतर.

धागाकर्ती:
खूप आभार. अर्ज आज रात्रीच भरायला बसतो दोघं. लायसन्स हातात आलं की इथं लिहीनच.