झोपेत डोळ्यांना वारा लागू नये म्हणून काय घालावे?

प्रश्न (नागपूर)

माझे डोळे कोरडे असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले. दिवसा थेंब घातले की फारसा त्रास होत नाही. रात्रीचे मात्र तसे नाही. मे महिन्यात कूलर आणि छताचा पंखा यांच्याशिवाय आमच्याकडे झोप लागणे अशक्य असते, आणि पहाटे जाग येते ती डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागल्यामुळेच. साधी सपाट कापडी पट्टी बांधून पाहिली, पण ती पापण्यांवर दाब देते आणि कुशीवर वळताच सरकते. पोहण्याचा चष्मा लावला, तर अर्ध्या तासात डोळ्यांभोवती वळ उठले. माझ्यासारख्या कुशीवर झोपणाऱ्या व्यक्तीने नेमके काय निवडावे?

उत्तर १ (पुणे)

चेहऱ्याच्या उजव्या बाजूला लकवा झाल्यामुळे माझा उजवा डोळा चार महिने पूर्ण मिटत नव्हता, त्यामुळे या विषयाचा अनुभव नाइलाजाने घ्यावा लागला. काहीही विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट करा: तुम्ही गाढ झोपेत असताना घरातील कोणाला तरी मंद उजेडात तुमच्या पापण्या पाहायला सांगा. पापण्यांच्या मध्ये पांढरी रेघ दिसत असेल, तर डोळे झोपेत किंचित उघडे राहतात. झोपेत अश्रू कमी तयार होतात, त्यामुळे त्या फटीतून वारा लागला की कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, खालचा भाग वाळतो. नेत्रतज्ज्ञ पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा तेथे बारीक ठिपके दिसतात. कूलरची हवा दमट असते म्हणून ती बाधणार नाही, असे मीही समजत होतो. परंतु झोत थेट चेहऱ्यावर असेल तर ओलावा उडतोच.

आच्छादनाची निवड एकाच कसोटीवर करावी, ती म्हणजे त्याने वारा अडवावा, पण डोळ्याला स्पर्श करू नये. डोळ्यांसमोर खोलगट वाट्यांसारखा आकार असलेला मास्क घ्या आणि तो घालून दुकानातच डोळे उघडझाप करून पाहा; पापण्यांचे केस कापडाला लागत असतील तर तो परत ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांनी कडा पातळ आहेत ना आणि पट्ट्याची जोडणी कानाजवळ न येता डोक्याच्या मागे येते ना, हेही पाहावे. पापण्या उघड्या राहत असतील, तर मऊ सिलिकॉनच्या कडा असलेला, ओलावा धरून ठेवणारा गॉगल अधिक उपयोगी पडतो. त्याच्या काचेवर आतून वाफ धरली, तर तो सदोष आहे असे समजू नका, कारण ओलावा आत टिकून असल्याचीच ती खूण असते. उघड्या राहणाऱ्या डोळ्यावर कापूस किंवा गॉज ठेवून पट्टी बांधण्याची चूक मात्र करू नका, कारण तो थेट कॉर्नियावर घासतो.

उत्तर २ (ठाणे)

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेले छिद्रांचे प्लॅस्टिकचे कवच आम्ही नंतर कोरडेपणासाठी वापरून पाहिले आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही. झोपेत डोळ्याला हात लागू नये किंवा डोळा चोळला जाऊ नये यासाठी ते असते; वारा त्याच्या छिद्रांतून आत येतोच. आणखी एक महत्त्वाचे: घट्ट गॉगलमुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा कोणताही गॉगल रात्रभर घालू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल रात्री मुलीने पाहिले. डावी पापणी साधारण दोन मिलिमीटर उघडी राहते, उजवी पूर्ण मिटते. तिने मोबाइलवर छायाचित्रही काढून ठेवले आहे. मला काचबिंदू नाही. सोमवारी तपासणीला जात आहे.

उत्तर ३ (कोल्हापूर)

ते छायाचित्र डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण जागेपणी मुद्दाम मिटलेला डोळा पुष्कळदा व्यवस्थित मिटलेला दिसतो. झोपताना लावायचे मलम मिळाले, तर ते सगळे वाचन आटोपल्यावर लावा. त्यानंतर दृष्टी धुरकट होते आणि रात्री उठल्यास ठेच लागण्याची भीती असते. मलमाचा चिकटपणा मास्कला लागतो, म्हणून दोन मास्क ठेवून ते आलटूनपालटून सौम्य साबणाने धुवावेत, अन्यथा पापण्यांच्या कडा सुजतात. तुम्ही मोठ्याने घोरत असाल आणि वरची पापणी उशीला घासून उलटत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण सैल पापण्या आणि झोपेत श्वास अडखळणे ही दोन्ही लक्षणे पुष्कळदा एकत्र आढळतात. सकाळी डोळा उघडताना तीव्र कळ आली, उजेड सहन होईनासा झाला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर सोमवारची वाट पाहू नका. तोपर्यंत कूलरचे तोंड पायांकडे वळवून झोपा.